१९०१ चा एक फुटबॉल हंगाम मराठीत कसा लिहावा

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा हंगाम मराठीत लिहून काढण्याचे काम सोलापुरातल्या विद्यार्थ्याने हाती घेतले, तर पहिला प्रश्न त्याला घरातूनच विचारला जाईल: याचा आपल्याशी काय संबंध? जुन्या खेळाची नोंद वाचायला शिकण्यासाठी यापेक्षा चांगला धडा मला सापडलेला नाही, हे माझे त्यावरचे उत्तर आहे. हंगाम लहान असतो आणि दहा-बारा सामन्यांत संपतो. त्याच्या बातम्या, नियमपुस्तके आणि विद्यापीठांच्या नोंदी आता घरबसल्या वाचता येतात. आणि तरीही तो पहिल्या वाचनात समजत नाही, कारण त्या वर्षीचा खेळ आजचा खेळ नव्हता. ही अडचण ओलांडायला जो शिकला, त्याच्या हाती पुढे आपल्या शाळेच्या हुतुतूच्या किंवा खो-खोच्या संघाची जुनी नोंद आली, तर तीही त्याला नीट वाचता येते.

नमुना म्हणून मी मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा १९०१ चा हंगाम घेतला आहे. त्या वर्षी या संघाने ११ सामने खेळले, सगळे जिंकले, ५५० गुण मिळवले आणि एकही गुण दिला नाही. नवशिक्याने अशाच स्वच्छ हंगामापासून सुरुवात करावी असे मला वाटते. १९०५ आणि १९०६ ही वर्षे अधिक नाट्यमय आहेत, पण तिथे नियम, वाद आणि अपघात यांची इतकी गुंतागुंत आहे की पहिल्याच प्रयत्नात हात भाजतो.

कोणता फुटबॉल, हे आधी सांगा

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, गोल चेंडूचा खेळ. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला जात होता तो याच खेळाचा, आणि २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली तीही याच खेळात. अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल मात्र रग्बीच्या घराण्यातला आहे. त्याचा चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचे असते आणि समोरच्या संघाने पळणाऱ्याची पकड करून त्याला जमिनीवर आणायचे असते. हा खुलासा लेखाच्या पहिल्या दोन वाक्यांत आला नाही, तर पुढे १२८–० हा आकडा वाचताना आपला वाचक एका सामन्यात १२८ गोल झाले असे समजेल आणि लेखावरचा त्याचा विश्वास तिथेच उडेल.

‘कॉलेजचा संघ’ या शब्दांमागचे चित्रही थोडे स्पष्ट करावे लागते. १९०१ साली सोलापुरात गिरण्या होत्या, पण कॉलेज नव्हते. दयानंद कॉलेज सुरू झाले ते १९४० साली. तोपर्यंत मॅट्रिक झालेल्या इथल्या मुलाला पुढे शिकायचे तर पुण्याच्या फर्ग्युसनची किंवा डेक्कन कॉलेजची वाट धरावी लागे. त्यामुळे मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बरसारखे एक लहान गाव शनिवारी दुपारी आपल्या विद्यापीठाच्या मैदानाभोवती जमते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्या सामन्याचा सविस्तर वृत्तान्त छापून येतो, हे त्या काळच्या आपल्या अनुभवातले दृश्य नाही, आणि ते दोन-तीन वाक्यांत उभे करणे हे लेखकाचे काम आहे.

इथे एक मोह आवरावा लागतो. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे सोलापुरात एकोणिसाव्या शतकापासून होते, म्हणजे कोणीतरी अमेरिकन इथेही हा लांबट चेंडू घेऊन आला असेल, असे लिहावेसे वाटते. लिहू नये. नोंद हाती असेल तर लिहावे. ‘असेल’ या शब्दावर वाक्य उभे राहत असेल तर ते खोडावे. विषय मिशिगनचा आहे आणि तो तिथेच राहू द्यावा; सोलापूरचा वाचक तो समजून घेण्याइतका समर्थ आहे.

सामन्यांच्या आधी त्या वर्षाचे नियम

बहुतेक जण इथेच घाई करतात. ते थेट निकालांची यादी उतरवू लागतात आणि नियमांकडे नंतर, शंका आली तर, पाहतात. क्रम उलटा हवा. वहीच्या पहिल्या पानावर त्या वर्षीचे गुण कसे मोजत, हे लिहा आणि ते पान पाठ होईपर्यंत पुढे जाऊ नका.

१९०१ साली टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवण्याला, ५ गुण होते. टचडाउननंतर लाथ मारून चेंडू गोलच्या दोन खांबांमधून घातला तर आणखी १ गुण मिळे. खेळ चालू असताना मैदानातून लाथ मारून चेंडू खांबांमधून घातला, म्हणजे फील्ड गोल केला, तर त्यालाही ५ गुण होते. संघाला त्याच्याच गोलरेषेमागे चेंडूसह अडवले तर समोरच्या संघाला २ गुण मिळत. याला सेफ्टी म्हणतात. पुढे हे आकडे बदलत गेले. फील्ड गोलची किंमत १९०४ साली ४ झाली आणि १९०९ साली ३. टचडाउनचे ६ गुण झाले ते १९१२ साली.

आज हा खेळ दूरचित्रवाणीवर पाहणारा मुलगा टचडाउन म्हणजे ६ गुण हे गृहीत धरून जुन्या निकालाकडे पाहतो आणि फसतो. माझ्याही पहिल्या मसुद्यात हीच चूक होती. बेरीज जुळेना म्हणून मी बातमीदाराला दोष देत राहिलो, आणि बातमीदार बरोबर होता. याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे ३१ ऑक्टोबर १९०३ चा मिशिगन आणि मिनेसोटा यांच्यातला ६–६ असा बरोबरीत सुटलेला सामना. आजच्या नियमाने वाचले तर दोन्ही संघांनी टचडाउन केले आणि दोघांचीही नंतरची लाथ चुकली असा अर्थ निघतो. १९०३ च्या नियमाने अर्थ नेमका उलटा आहे: दोघांनी टचडाउन केले आणि दोघांचीही लाथ अचूक बसली.

गुणांइतकेच महत्त्वाचे आहे ते चेंडू पुढे नेण्याचे गणित. १९०१ साली तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जावे लागे, नाहीतर चेंडू दुसऱ्या संघाकडे जाई. चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगीच नव्हती. साहजिकच खेळ दाटीवाटीचा होता. रांगेतल्या माणसांनी एकमेकांना रेटायचे आणि त्या गर्दीतून चेंडूवाल्याने दोन-तीन पावले काढायची. या रेटारेटीत मुले जखमी होत आणि काही दगावत. १९०५ च्या हंगामातल्या मृत्यूंची संख्या मोजणाऱ्यानुसार १८ किंवा १९ अशी दिली जाते, आणि आपणही ती तशीच, दोन्ही आकडे देऊन लिहावी. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. १९०६ साली कॉलेजांची एक नियामक संघटना उभी राहिली, जिचे १९१० पासूनचे नाव एनसीएए असे आहे. त्याच १९०६ साली तीन प्रयत्नांत १० यार्ड हा नियम आला आणि चेंडू पुढे फेकण्याला मान्यता मिळाली. ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा येथे सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने कॅरल कॉलेजविरुद्ध असा पहिला पास फेकला. तो कोणाच्याच हाती लागला नाही, पण त्याच सामन्यात नंतर फेकलेल्या पासवर जॅक श्नायडरने टचडाउन केले. चार प्रयत्नांचा नियम मात्र १९१२ चा आहे.

हा सगळा इतिहास आपल्या लेखात घालायचा नाही. तो लेखकाच्या डोक्यात असावा, म्हणजे १९०१ च्या सामन्याचे वर्णन करताना ‘त्याने लांब पास फेकला’ असे वाक्य हातून चुकूनही लिहिले जाणार नाही. नियमांसाठी स्पॉल्डिंग कंपनीची वार्षिक फुटबॉल मार्गदर्शिका पाहावी, जिचे संपादन येलचे वॉल्टर कँप करीत. तिचे जुने अंक डिजिटल स्वरूपात मिळतात. अंकावरचे वर्ष तेवढे नीट तपासावे, कारण एका वर्षाच्या फरकाने गुण बदलतात.

आपल्या खेळांबाबतही हे लागू आहे. खो-खोचे लिखित नियम डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास तयार केले असे मानतात. त्याआधीचा एखादा निकाल कुठे सापडला, तर तो आजच्या डावांच्या आणि मिनिटांच्या हिशेबात बसवण्याआधी दहा वेळा विचार करावा लागेल.

होम मैदानावर एक सकाळ

पुढची पायरी वहीत नाही, मैदानावर आहे. ती टाळण्यासारखी वाटते, पण टाळू नये. दिवाळीनंतर, गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहण्याआधी, एखाद्या रविवारी सकाळी सोलापूरच्या होम मैदानावर मोजपट्टी, सुतळी आणि थोडी फक्की घेऊन तीन-चार जणांनी जावे.

१९०१ चे मैदान ११० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद होते. मीटरमध्ये ही लांबी सुमारे १००.६ भरते आणि रुंदी ४८.८. म्हणजे लांबीच्या बाजूने आपली १०० मीटरची धावपट्टी आखली की काम जवळजवळ झाले. मग दर ५ यार्डांवर, म्हणजे दर १५ फुटांवर, फक्कीची एकेक आडवी रेषा मारावी. एका टोकाच्या गोलरेषेपासून दुसऱ्या टोकापर्यंत असे २२ पट्टे पडतात. पुरेशी फक्की नसेल तर चार-पाच पट्टे आखले तरी चालते. या आखणीमुळेच त्या मैदानाला इंग्रजीत भाजण्याच्या जाळीचे, ‘ग्रिडआयर्न’ हे नाव पडले, आणि वर उभे राहून पाहिले की ते का पडले हे समजते.

आता दोन रेषांमध्ये उभे राहा. हे अंतर ४.६ मीटर आहे. कबड्डीच्या मैदानात मध्यरेषेपासून बोनस रेषा ४.७५ मीटरवर असते, म्हणजे चढाई करणारा बोनससाठी जेवढा आत शिरतो, जवळपास तेवढेच अंतर १९०१ च्या संघाला तीन प्रयत्नांत मिळून काढावे लागे. समोर अकरा जण दाटीने उभे असताना हे किती अवघड आणि किती अंगावर येणारे होते, हे तिथे दोन मुले समोरासमोर उभी करून पाहिल्यावर शरीराला कळते. आमच्या अभ्यासगटातली मुले त्या सकाळनंतर ‘फक्त पाच यार्ड’ असे लिहीनाशी झाली.

आणखी एक गोष्ट तिथेच करून पाहता येते. त्या काळी टचडाउननंतरची लाथ, चेंडू गोलरेषेमागे जिथे टेकवला त्या जागेच्या सरळ रेषेत मैदानात मागे येऊन मारावी लागे. कोपऱ्यात टचडाउन केला तर खांबांचा कोन अगदी अरुंद होई. म्हणून पळणारा खेळाडू रेषा ओलांडल्यावरही शक्य तितका मध्याकडे वळे. जुन्या वृत्तान्तात ‘तो खांबांच्या मागे आला’ असे वाक्य भेटते, त्याचे कारण हे आहे.

अकरा ओळी

आता निकाल उतरवावेत. प्रत्येक सामन्याला एक ओळ द्यावी आणि ओळीत तारीख, वार, ठिकाण, प्रतिस्पर्धी, गुण, सामन्याची लांबी आणि माहिती कुठून घेतली हे सात रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. मिशिगन विद्यापीठाच्या बेंटले हिस्टॉरिकल लायब्ररीने आपल्या संघांच्या जुन्या नोंदी हंगामवार मांडून ठेवल्या आहेत, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या डिजिटल संग्रहात त्या काळातली अनेक अमेरिकन वृत्तपत्रे विनामूल्य वाचता येतात. पडद्यावर बारीक छपाई वाचून डोळे शिणतात. मी महत्त्वाची पाने छापून घेतो आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या शांत जागी बसून पेन्सिलीने खुणा करीत वाचतो. त्याने वेग कमी होतो आणि चुका त्याहून कमी होतात.

हंगाम २८ सप्टेंबर १९०१ रोजी आल्बियनविरुद्ध ५०–० असा सुरू झाला. ५ ऑक्टोबरला क्लीव्हलँडच्या केस स्कूलविरुद्ध ५७–०, १२ तारखेला इंडियानाविरुद्ध ३३–०, १९ तारखेला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २९–० आणि २६ तारखेला बफेलोविरुद्ध १२८–० असे निकाल लागले. २ नोव्हेंबरला डेट्रॉइट येथे कार्लाइलच्या संघाला २२–०, ९ तारखेला कोलंबस येथे ओहायो स्टेटला २१–०, १६ तारखेला शिकागो विद्यापीठाला २२–० आणि २३ तारखेला बेलॉइटला ८९–० असे हरवले. २८ नोव्हेंबरला शिकागो शहरात आयोवाविरुद्ध ५०–०, आणि अखेर १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथे स्टॅनफर्डविरुद्ध ४९–०.

यादी झाली की लगेच दोन तपासण्या कराव्यात. पहिली बेरजेची: प्रत्येक सामन्यानंतरची चढती बेरीज ओळीशेजारी लिहीत जावे. ५०, १०७, १४०, १६९, २९७, ३१९, ३४०, ३६२, ४५१, ५०१ आणि ५५० असे आकडे यायला हवेत. शेवटचा आकडा आला तर यादीत कोणताही निकाल राहिलेला किंवा बदललेला नाही अशी बरीच खात्री पटते. दुसरी तपासणी वाराची. त्या काळी सामने सहसा शनिवारी होत आणि नोव्हेंबरातला शेवटचा मोठा सामना थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी होई. २८ सप्टेंबरपासून २३ नोव्हेंबरपर्यंतच्या सर्व तारखा शनिवारच्या निघतात आणि २८ नोव्हेंबर गुरुवारचा निघतो. एखादी तारीख रविवारची निघाली तर समजावे की आपण सामन्याची नव्हे, वृत्तपत्राची तारीख उतरवली आहे. ही चूक अतिशय सामान्य आहे, कारण शनिवारच्या सामन्याची बातमी रविवारच्या अंकात असते.

सामन्याच्या लांबीचा रकाना भरणे कंटाळवाणे वाटेल, पण तो भरावाच. नियमाने ३५ मिनिटांचे दोन भाग, म्हणजे ७० मिनिटांचा खेळ असे. परंतु दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी खेळताना दोन्ही कर्णधार ठरवून वेळ कमी करीत. आजचे १५ मिनिटांचे चार भाग १९१० पासूनचे. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या १९०१ ते १९०५ च्या संघांना ‘मिनिटाला एक गुण’ असे नाव पडले होते. हे कौतुकाचे नाव आहे, मोजलेली सरासरी नव्हे. मोजायचेच असेल तर १९०१ साली दर सामन्याला बरोबर ५० गुण पडतात. मिनिटाचा हिशेब करायचा तर आधी प्रत्येक सामन्याची मिनिटे हाती हवीत.

आकडा उलगडणे

लेखाचा जीव या भागात आहे. नुसत्या निकालावरून सामना कळत नाही. आकड्याच्या आत शिरावे लागते. नॉर्थवेस्टर्नविरुद्धचे २९ गुण घ्या. पाच टचडाउन आणि त्यांतल्या चारांवर यशस्वी लाथ, असे २९ होतात. चार टचडाउन, चारही लाथा यशस्वी आणि एक फील्ड गोल, असेही २९ होतात, कारण १९०१ साली फील्ड गोल आणि टचडाउन दोन्हींची किंमत ५ होती. कागदावर दोन्ही बरोबर, मैदानावर दोन वेगळे सामने. म्हणून वृत्तान्ताच्या शेवटी बारीक अक्षरात दिलेला गुणांचा तपशील शोधल्याशिवाय ‘पाच टचडाउन केले’ असे लिहू नये.

स्टॅनफर्डविरुद्धच्या सामन्यात हा तपशील उपलब्ध आहे, म्हणून तो सरावासाठी उत्तम आहे. नील स्नोने पाच टचडाउन केले, कर्टिस रेडनने दोन आणि अल्बर्ट हर्नस्टाइनने एक. आठ टचडाउनचे ४० गुण झाले. ब्रूस शॉर्ट्सच्या चार लाथा खांबांमधून गेल्या, त्यांचे ४. एव्हरेट स्वीलीचा एक फील्ड गोल, त्याचे ५. एकूण ४९. हाच खेळ आजच्या किमतींनी मोजला तर ५५ होतात, आणि ५५ हा आकडा कुठल्याही जुन्या कागदावर सापडणार नाही. नवख्या वाचकासाठी हा उलगडा लेखात पूर्ण द्यावा; एका सामन्याचा उलगडा नीट दिला की बाकीचे दहा आकडे त्याला स्वतःहून दिसू लागतात.

शब्दांची निवड

ज्याला मराठीत जिवंत शब्द आहे तिथे तो वापरावा. प्रतिस्पर्ध्याला धरून पाडण्याला ‘पकड’ हा कबड्डीतला शब्द नेमका बसतो, आणि तो वाचताना सोलापूरच्या वाचकाच्या मनात हालचाल उमटते. बदली खेळाडू, कर्णधार, बरोबरी, मध्यंतर यांत काही अडचण नाही. टचडाउन, फील्ड गोल आणि सेफ्टी हे शब्द तसेच ठेवावेत; त्यांची भाषांतरे करून पाहिली आणि प्रत्येक वेळी वाक्य जड झाले. फक्त एका शब्दाबाबत फार सावध राहावे. चेंडू पुढे नेण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला इंग्रजीत ‘डाउन’ म्हणतात, आणि उच्चाराच्या जवळिकीमुळे तिथे ‘डाव’ लिहिण्याचा मोह होतो. आपल्याकडे डाव म्हणजे क्रिकेटचा किंवा खो-खोचा पूर्ण डाव. तो काही सेकंदांच्या धडपडीला लावला तर सगळा खेळ चुकीचा कळतो. ‘प्रयत्न’ हा शब्द साधा आहे आणि पुरेसा आहे.

नावे उच्चाराप्रमाणे लिहावीत: मिशिगन, आयोवा, बेलॉइट. ‘केस’ हे संस्थेचे नाव एकटे लिहू नये, ‘केस स्कूल’ असे लिहावे; नाहीतर मराठी वाचक डोक्यावरच्या केसांपासून कोर्टातल्या खटल्यापर्यंत कुठेही जाईल.

बातमीदाराची भाषा आपली नव्हे

कार्लाइलच्या सामन्यापाशी लेखकाने थोडे थांबावे. पेनसिल्व्हेनियातली ही शाळा १८७९ साली स्थापन झाली. अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींच्या मुलांना घरापासून दूर आणून, त्यांची भाषा आणि रीतिरिवाज सोडायला लावून शिकवणारी ती निवासी शाळा होती. ती विद्यापीठ नव्हती, तरी तिचा संघ मोठमोठ्या विद्यापीठांशी खेळे आणि पुढे त्यांना हरवूही लागला. १९०७ साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६–६ असे हरवले, आणि ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथे लष्कराच्या संघाला २७–६ असे. त्या संघात जिम थॉर्प होता, ज्याने त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदके जिंकली होती, आणि समोरच्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर होता.

त्या काळचे बातमीदार या मुलांविषयी जंगली, रानटी अशी विशेषणे सहज वापरीत आणि सामन्याचे वर्णन जुन्या लढाईसारखे करीत. ती भाषा भाषांतरित होऊन आपल्या लेखात आपल्या शब्दांत येता कामा नये. माहिती घ्यावी, गुण घ्यावेत, खेळाडूचे नाव घ्यावे. विशेषणे तिथेच ठेवावीत. डेट्रॉइटला २२–० असा निकाल लागला, एवढे लिहिताना समोरचा संघ कुठून आणि कशा परिस्थितीतून मैदानात आला होता, हे दोन वाक्यांत सांगितले तर वाचकाला त्या आकड्याचे वजन कळते.

विजेतेपदाबाबतही अशीच दक्षता घ्यावी. १९०१ साली राष्ट्रीय विजेता ठरवणारी अधिकृत स्पर्धा नव्हती. मिशिगनला त्या वर्षाचा राष्ट्रीय विजेता म्हणतात ते पुढच्या काळात मागे वळून केलेल्या निवडींवरून, आणि त्याच वर्षी हार्वर्डनेही आपले १२ पैकी १२ सामने जिंकले होते. वेस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटात, म्हणजे पुढच्या बिग टेनमध्ये, मिशिगनने चार सामने जिंकले, पण अपराजित विस्कॉन्सिनशी त्यांची गाठच पडली नाही, म्हणून ते विजेतेपद दोघांत वाटले गेले. ‘राष्ट्रीय विजेता ठरला’ असे सरळ न लिहिता ‘नंतरच्या काळात राष्ट्रीय विजेता मानला गेला’ असे लिहावे.

शेवटचा सामना लिहिताना

पॅसाडेनाचा सामना लेखाच्या शेवटी येतो आणि त्याला सर्वाधिक जागा द्यावी. गुलाबांच्या मिरवणुकीसाठी प्रसिद्ध असलेल्या नववर्षाच्या उत्सवात त्या वर्षी आयोजकांनी प्रथमच फुटबॉलचा सामना ठेवला. आज त्याला पहिला रोझ बाउल म्हणतात, पण १९०२ साली हे नाव नव्हते. ते पुढे बांधलेल्या स्टेडियमवरून १९२३ च्या सामन्यापासून आले. लेखात ‘ज्याला पुढे रोझ बाउल म्हटले गेले तो सामना’ असा उल्लेख करावा.

योस्ट आदल्या वर्षी, १९०० साली, स्टॅनफर्डचे प्रशिक्षक होते. म्हणजे मिशिगनमधला त्यांचा पहिला हंगाम त्यांच्याच जुन्या संघासमोर संपला. संघ नोव्हेंबरअखेर थंड प्रदेशात खेळून, रेल्वेने जवळजवळ सारा देश ओलांडून आला होता. कर्णधार ह्यू व्हाइटच्या या संघाने त्या दिवशी एकही बदली खेळाडू घेतला नाही. तेच अकरा जण शेवटपर्यंत खेळले. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या काळी परत येऊ शकत नसे, हे इथे वाचकाला सांगितले तर त्या गोष्टीची किंमत कळेल. आठ मिनिटे शिल्लक असताना स्टॅनफर्डच्या कर्णधाराने सामना थांबवण्याची विनंती केली आणि तो थांबवण्यात आला.

या प्रसंगात पराभूत संघाची चेष्टा होईल असे काही लिहू नये. होम मैदानावर फक्कीच्या दोन रेषांमध्ये जो उभा राहिला आहे, त्याला ती विनंती का करावी लागली हे समजते, आणि वाचकालाही ते लेखात आधी आलेल्या पाच यार्डांच्या वर्णनातून समजायला हवे. त्यानंतर आयोजकांनी पुढची अनेक वर्षे नववर्षाला फुटबॉल ठेवलाच नाही. त्याऐवजी काही वर्षे रथांच्या शर्यती झाल्या, आणि फुटबॉल परतला तो १ जानेवारी १९१६ रोजी. मिशिगनचा १९०२ चा हंगाम मात्र काही महिन्यांतच सुरू झाला. त्यासाठी वहीत नवे पान काढावे आणि वरच्या ओळीत त्या वर्षीचे गुण पुन्हा लिहून घ्यावेत, ते बदललेले नसले तरीही.